फोम टाकला की जमीन सपाट होते का?

प्रश्न : आमचं घर मेढ्याला, थोडं चढावर आहे. सोप्यात आणि माजघरात सासऱ्यांच्या वेळची शहाबादी फरशी आहे, माडीवर फळ्या आहेत. माझे दीर मुंबईला असतात. ते म्हणतात, या दिवाळीत खाली-वर सगळीकडे लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट फ्लोअरिंग करून टाकू. फरशी मात्र जागोजागी वरखाली झाली आहे. दुकानदार म्हणतो, खाली फोम येतो, त्यात सगळं जिरून जातं. गवंडी म्हणतो, सिमेंटचं पाणी ओतू, एका दिवसात सपाट होईल. कुणाचं ऐकावं? आणि फरशी काढावी लागेल का?
– एक वाचक, मेढा, ता. जावळी

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. फोममध्ये उंचवटा जिरत नाही आणि निव्वळ सिमेंटच्या पाण्याचा पातळ थर शहाबादीला धरून राहत नाही. सगळी फरशी काढायची गरज बहुधा पडणार नाही. पण त्याआधी एक काम आहे आणि ते घरच्यांनीच मनावर घ्यायला हवं : फरशी वरखाली कशामुळे झाली हे शोधणं. कारण तसंच ठेवून वर काहीही ओतलं, तरी एकदोन पावसाळ्यांत खड्डा परत त्याच जागी दिसतो.

आधी फोमचं बघू. लॅमिनेटची पट्टी बहुतेक ८ मिमी जाडीची असते, भारी घेतली तर १२. आत लाकडाचा लगदा दाबून केलेला गाभा, वर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्यावर झीज सोसणारा कडक पारदर्शक थर. पट्ट्या एकमेकींत खटका बसवून अडकवतात. त्या जमिनीला चिकटवत नाहीत की खिळ्यांनी ठोकत नाहीत, त्यामुळे सगळी मदार त्या खटक्यावर असते, आणि खटक्याची जीभ असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. खाली खळगा असेल तर पाय पडला की पट्टी दबते, पाय उचलला की वर येते. सोप्यातून दिवसभर येजा चालते. काही महिन्यांत जीभ झिजते, मग तुटते, सांध्यात फट पडते, फटीत पुसण्याचं पाणी शिरतं आणि पट्टीच्या कडा फुगून वर येतात. दोन-तीन मिमीचा फोम असतो तो दगडाची बारीक खरबरी आणि पावलांचा आवाज सोसण्यासाठी. खळगा भरून काढण्यासाठी त्याचे दोन थर टाकले तर जमीन आणखी मऊ होते आणि खटका आणखी लवकर तुटतो. खड्ड्यात पुठ्ठ्याचे तुकडे सरकवण्याचीही पद्धत आहे. पुठ्ठा ओल धरतो आणि वाळवीला बोलावतो.

जमीन किती सपाट हवी? दोन मीटर लांबीत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, असं बहुतेक कंपन्यांच्या सूचनांत असतं. हे घरच्या घरी तपासता येतं. गवंड्याकडून गिलाव्याची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी मागून घ्या, सहा-सात फुटांची. एका डोळ्याने तिच्या कडेवरून बघून ती वाकलेली नाही एवढी खात्री करा. सोबत ३ मिमीचा ड्रिल बिट घ्या. पट्टी जमिनीवर आडवी, उभी आणि तिरपी टाकत सगळी खोली फिरा. पट्टीखालून बिट सहज सरकला तर तिथं खळगा जास्त आहे. पट्टी मध्ये टेकून दोन्ही टोकांना डुलत असेल तर तिथं उंचवटा आहे. प्रत्येक जागी खडूनं खूण करा आणि शेजारी मिमीचा आकडा लिहा. रात्री दिवे घालवून टॉर्च जमिनीला टेकवून लावलात तर सावल्यांमुळे राहून गेलेली ठिकाणंही दिसतील. सगळं झालं की त्या खडूच्या नकाशाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कारण शोधताना तोच उपयोगी पडणार आहे.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करते. लॅमिनेटला जमीन सपाट लागते, पाणसळीत असण्याची सक्ती नसते. आपल्या जुन्या घरांत फरशीला मुद्दाम ढाळ दिलेला असतो, मोरीकडे किंवा पुढच्या दाराकडे, म्हणजे बादलीभर पाणी ओतून जमीन धुतली की ते आपोआप निघून जावं. पाणसळ ठेवून तो ढाळ ‘चूक’ म्हणून भरून काढायला निघालात तर पोतीच्या पोती सिमेंट जाईल आणि उंबरठा बुडेल. सगळी खोली एकाच बाजूला उतरत असेल तर ते चालतं. अडचण येते ती दोन ढाळ जिथं मिळतात त्या रेषेवर, बहुतेक मोरीच्या तोंडाशी. तेवढीच रेषा भरून घ्यावी लागते.

आता कारणांकडे. शहाबादी हा कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींतला चुनखडीचा दगड. तो थरांनी सुटतो, म्हणून त्याचा वरचा चेहरा मुळातच थोडा लाटालाटांचा असतो आणि प्रत्येक लादीची जाडी वेगळी असते. शेजारच्या दोन लाद्यांत दोन-तीन मिमीचा फरक असणं ही बसवतानाची गोष्ट आहे. ती काही वाढत जात नाही. असा वरखालीपणा निर्धास्तपणे घासून-भरून घ्यावा.

पण लादीवर पाय दिला की ती हलत असेल, किंवा लाकडी हातोडीनं ठोकल्यावर भरीव ‘ठक्’ऐवजी पोकळ आवाज येत असेल, तर खालची माती गेली आहे. गावाकडच्या घरांत पहिला संशय घुशीवर घ्यावा. घूस भिंतीच्या कडेनं शिरते आणि फरशीखाली बिळं करत जाते. महिनोन्महिने वर काहीच दिसत नाही, मग एक दिवस लादीचा कोपरा बसतो. अशी लादी उचलावी, बीळ जिथवर जातं तिथवर उकरावं, तोंडाशी फुटक्या काचा कोंबाव्यात, वर मुरूम ओला करून चोपावा, त्यावर काँक्रीटचा थर द्यावा आणि लादी परत बसवावी. बाहेरचं तोंड सापडलं नाही तर काम अर्धवट राहिलं असं समजा.

तिसरं कारण तुमच्या तालुक्यात फार आढळतं. जावळीत सपाट जागा कमी. डोंगराकडची बाजू खणून, तीच माती दरीकडच्या बाजूला टाकून घराची जागा करतात. म्हणजे अर्धं घर कातळा-मुरमाच्या पक्क्या जमिनीवर आणि अर्धं भरावावर. भराव वर्षानुवर्षं थोडा थोडा बसत राहतो. खडूच्या नकाशात सगळे खोल आकडे उताराकडच्या अर्ध्यात आले असतील आणि दोहोंच्या मध्ये एक लांब भेग गेली असेल, तर हेच झालं आहे. आता विचारायचं ते एवढंच : बसायचं थांबलं आहे की अजून चालू आहे? भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंटनं घट्ट चिकटवलेली पातळ काचेची पट्टी लावा, खाली तारीख लिहा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. काच अखंड राहिली तर भेग जुनी आहे, भरून घ्या. काच तडकली तर वर कसलंही फ्लोअरिंग करू नका. आधी जोत्याच्या खालच्या बाजूची संरक्षक भिंत आणि पाण्याचा निचरा एखाद्या स्थापत्य अभियंत्याला दाखवा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसलेली घरं या पट्ट्यात आहेत आणि त्यानंतरही त्या परिसरात लहान धक्के बसत आले आहेत. अशा जागी भेगेची परीक्षा टाळून चालत नाही.

ओलीचा प्रश्न या सगळ्यांहून मोठा आहे. फरशी सपाट करण्याचं ज्ञान कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेत मिळतं. मेढ्याची ओल मात्र तिथं कुणी लिहिलेली नाही. लॅमिनेट फ्लोअरिंग १९७७ साली स्वीडनमध्ये पेर्स्टॉर्प कंपनीनं काढलं. तिथली घरं हिवाळाभर आतून तापवलेली आणि कोरडी असतात. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. मेढ्याला तेवढा होत नसला तरी तुम्ही त्याच वेण्णेच्या खोऱ्यात आहात. शिवाय महाबळेश्वर, पाचगणी, कासच्या सड्यांवर जांभा आहे. तो पाणी पितो, खालचा काळा खडक ते अडवतो, आणि दोन्ही जिथं मिळतात तिथं डोंगराच्या कुशीतून झरे फुटतात. पाऊस थांबल्यावरही ते कितीतरी दिवस वाहत राहतात. डोंगर खणून बसवलेल्या घराच्या मागच्या भिंतीला म्हणूनच दिवाळीनंतरही ओल दिसते.

जुन्या शहाबादीखाली बहुधा माती-मुरूम आणि चुन्याचा थर असतो, प्लास्टिकचा कागद नसतो. जमिनीतली ओल लाद्यांच्या सांध्यांतून वर येऊन हवेत उडून जाते. सांध्यांवर पांढरा लोणा दिसतो तो याच येण्याजाण्याचा. तुम्ही वरून सगळं झाकलंत की ओल संपत नाही, ती वाट बदलते आणि भिंतीच्या पायथ्यातून वर चढते. वर्षभरात गिलावा फुगतो.

याची परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारही कडा टेपनं घट्ट बंद करा. निदान सोळा तास, जमल्यास पुरते दोन दिवस ठेवा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा दगड काळपट पडला असेल तर ओल आहे. खोलीच्या मध्यभागी एक आणि डोंगराकडच्या भिंतीलगत एक असे दोन कागद लावा. आणि हे मे महिन्यात करू नका. मेमध्ये सगळ्याच जमिनी कोरड्या असतात. भाद्रपदात एकदा करा, दिवाळी झाल्यावर परत करा. दोन्ही वेळा कोरडं निघालं तरच तळमजल्यावर लॅमिनेटचा विचार करावा. ओल निघाली तर उपाय घराबाहेर आहे : मागच्या भिंतीपासून थोडं सोडून जोत्याहून खोल चर खणायचा, दगड-खडीनं भरायचा आणि त्याला बाजूनं उतार देऊन पाणी खाली काढायचं. फोमखाली जो ०.२ मिमीचा प्लास्टिकचा कागद टाकतात तो बारीक वाफ अडवण्यापुरता असतो. पाझर त्यानं थांबत नाही.

समजा ओल नाही आणि लाद्याही हलत नाहीत. मग काम करायचा क्रम असा : आधी उंचवटे उतरवायचे, मग खळगे भरायचे. पुष्कळजण उलटं करतात. एका उंच कोपऱ्याला गाठण्यासाठी सगळी खोली भरत बसतात आणि सामान दुप्पट लागतं. शहाबादी मऊ दगड आहे, फरशी पॉलिशवाल्याच्या मशीननं तो सहज उतरतो. मशीन पाण्यावर चालत असल्यानं धूळ कमी होते, मात्र नंतर जमीन आठवडाभर तरी वाळू द्यायला हवी. लहान कोपऱ्यासाठी ग्राइंडरला हिऱ्याची वाटी लावून चालतं, पण ती धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून कारागिराला चांगला मास्क मागून द्या. रुमाल बांधून भागत नाही.

भरण्याआधी दगडावर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तिथं तेल, मेण किंवा पॉलिश मुरलेलं आहे. देवघरासमोर आणि चुलीजवळच्या जागेत हे हमखास निघतं. सोड्यानं धुऊन, खरखरीत घासून घेतल्याशिवाय तिथं काहीही चिकटणार नाही. सांधे तारेच्या ब्रशनं उकरून, धूळ झाडून, बारीक वाळू-सिमेंटच्या तीनास एक मालात पॉलिमरचं द्रावण घालून दाबून भरा.

मोठ्या जागेसाठी सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड वापरा. नावाप्रमाणे ते ओतलं की स्वतः पसरून सपाट होतं, पण तुमच्या गवंड्याच्या सिमेंटच्या पाण्यात आणि त्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. निव्वळ सिमेंट वाळताना आकसतं, पातळ थराला बारीक तडे जातात आणि पापुद्रे सुटतात. कंपाउंडमध्ये आकसणं रोखणारी आणि दगडाला धरून राहणारी द्रव्यं घातलेली असतात. आधी त्याचं प्रायमर लावायचं आणि वाळू द्यायचं. पोत्यावर लिहिलंय तितकंच पाणी मोजून घालायचं. ‘जरा पातळ होऊ दे’ म्हणून अर्धा लिटर जास्त ओतलं की वरचा थर खडूसारखा भुसभुशीत होतो. ड्रिलला रवी लावून गुठळ्या मोडायच्या, ओतायचं, आणि काटेरी रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. हाताशी वेळ पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. म्हणून एकानं कालवायचं, एकानं ओतायचं, आणि पुढचं पोतं आधीच फोडून ठेवायचं. मध्ये चहाला थांबलात तर तिथं जोड दिसतो. दारांशी पट्टी लावून वाट अडवा, नाहीतर ते माजघरातून सोप्यात उतरेल.

अंदाज असा बांधा : एक चौरस मीटरला एक मिमी जाडीसाठी साधारण १.७ किलो. तुमचा सोपा १२ बाय १४ फुटांचा धरला तर १५.६ चौरस मीटर. सरासरी ४ मिमी भरायचं असेल तर १०६ किलो, म्हणजे २५ किलोची पाच पोती आणून ठेवा. खड्डा दोन सेंटिमीटरहून खोल असेल तर कंपाउंड महाग पडतं. तिथं लाद्या उचलून नवा कोबा करणंच शहाणपणाचं. पण कोब्याला सात दिवस पाणी मारल्यावर तो वाळायला मिलिमीटरमागे एक दिवस धरा. चार सेंटिमीटरच्या कोब्याला कोरड्या हवेतही चाळीस दिवस गेले, जास्त जाड असेल तर वेळ त्याहून वाढतो. दसऱ्याला कोबा करून दिवाळीला लॅमिनेट, हे गणित बसत नाही. भिंतीची पुट्टी किंवा पीओपी जमिनीत भरण्याचा सल्ला कुणी दिला तर साफ नकार द्या. पावलाखाली त्याचं पीठ होतं.

माडीचं काम सोपं आहे आणि माझ्या मते लॅमिनेटची जागा तीच. तिथं जमिनीची ओल पोचत नाही. फळ्यांवर चालून बघा. जिथं कुरकुर होते तिथं फळी खालच्या तुळईपासून सुटली आहे. खिळे ठोकू नका, ते परत सैल होतात. स्क्रूनं आवळा. उठलेल्या कडा रंध्यानं उतरवा, आणि सगळ्यांवर १२ मिमीचं वॉटरप्रूफ प्लायवूड स्क्रूनं बसवा, प्लायच्या तक्त्यांमध्ये दोन-तीन मिमी फट ठेवून. माडीवर कंपाउंड ओतू नका. एक सेंटिमीटरच्या थराचं वजन चौरस मीटरला १७ किलो होतं, आणि जुन्या तुळयांची टोकं भिंतीत किती कुजली आहेत हे बाहेरून कळत नाही. वाळवीसाठी तुळयांना आणि भिंतीच्या कडांना आधी औषध मारून घ्या. लॅमिनेटचा गाभा लाकडाचाच आहे.

आता तुमच्या दिरांसाठी. जावळीतली कितीतरी घरं मुंबईत राबणाऱ्या माणसांच्या पैशांवर उभी राहिली आणि त्यांतली बरीच वर्षातून थोडेच दिवस उघडतात, गणपतीला, जत्रेला, मे महिन्याच्या सुट्टीत. तुमच्या घरात माणसं राहतात, चूल पेटते, खिडक्या उघडतात, म्हणून तुमचं निभेल. ज्यांचं घर जूनला कुलूप लागून भाद्रपदात उघडतं त्यांनी तळमजल्यावर लॅमिनेट करूच नये. बंद घरातली दमट हवाच पट्ट्या फुगवायला पुरते. पट्ट्या ऋतूप्रमाणे फुगतात-आकसतात, म्हणून भिंतीलगत चारही बाजूंना १० मिमी जागा सोडायची असते. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत बसवणाऱ्या कारागिरानं ही जागा सोडली नाही तर श्रावणात जमीन मधोमध उचलून येते. पेट्या बसवण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवा.

माझा सल्ला विचारलात तर माडीवर लॅमिनेट करा आणि खाली शहाबादी राहू द्या. हललेल्या लाद्या पक्क्या बसवा, सांधे भरा, मशीननं घासून पॉलिश करा. ती काळपट निळी फरशी पावसाळ्यात चिखलाचे पाय सोसते, बादलीनं धुता येते, उन्हाळ्यात गार राहते. सासऱ्यांच्या वेळी ती आणून बसवण्यासाठी घरानं काय खर्च केला असेल, तो दिरांनाही माहीत असेल. त्यांना लाकडाचाच रंग खाली हवा असेल तर एसपीसी नावाच्या दगडभुकटी-प्लास्टिकच्या पट्ट्या येतात. त्या पाण्यानं फुगत नाहीत. त्यांनाही जमीन इतकीच सपाट लागते आणि त्यांच्या खालची ओल भिंतीत तशीच चढते, एवढं मात्र त्यांना आधी सांगा.

प्रश्न : सांगलीत आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, व्हिट्रिफाइड टाईल्स आहेत. त्या न फोडता वर लॅमिनेट चालेल का? आणि गावभागातल्या आमच्या जुन्या घरीही तेच करावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : फ्लॅटमध्ये खुशाल करा. प्रत्येक टाईल ठोकून बघा. पोकळ वाजणारी सुटलेली असते, ती काढून परत बसवा. टाईल्सच्या सांध्यांतली चिंचोळी खाच तशीच राहिली तरी चालते, शेजारच्या टाईलची कड वर आली असेल तर मात्र घासून घ्या. दारांच्या खाली फोम धरून दहा-बारा मिमी जागा लागेल. ती नसेल तर सुताराला आधी बोलावून दारं खालून कापून घ्या.

गावभागात नको. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं हे तुम्ही पाहिलं आहे. लॅमिनेट काही तासांत फुगतं आणि वाळल्यावर पूर्वीसारखं होत नाही, सगळं उचलून टाकावं लागतं. दगडी फरशी गाळ काढून, धुऊन परत वापरता येते. तिथं पैसे घालायचेच असतील तर जुन्या फरशीचे सांधे भरून घ्या आणि मोरीकडचा ढाळ नीट करून घ्या, म्हणजे पूर ओसरल्यावर घर धुताना पाणी कोपऱ्यांत तुंबणार नाही.